कव्हरखालचं पाणी

किस्से साठवायला वेगळं काही करावं लागत नाही, यार. आपण कामाला लागायचं, ते आपोआप जमा होतात. वैताग एवढाच, की ज्याच्यासोबत ते घडले तोच उरला नाही की जास्त आठवतात.

चारकोपला बोटींची आउटबोर्ड, म्हणजे मागे अडकवायची, इंजिनं दुरुस्त करायचा आमचा गाळा. मी आणि दत्ता, मालवणचा. दत्ता मार्चमध्ये गेला. सकाळी छातीत दुखलं, दुपारपर्यंत सगळं संपलं. आता गाळा चालवायचा की बंद करायचा, एवढाच प्रश्न आहे. कारण इंजिनाच्या कव्हरखालचं पाण्याचं लीकेज एकट्याने सापडत नाही. इंजिन कोरडं पुसायचं, जोडांवर टाल्कम पावडर मारायची, पाण्याच्या पिंपात चालू करायचं. एक जण टॉर्च घेऊन आत डोकावतो, दुसरा स्टॉपच्या बटणाशी उभा. पावडरीत पहिली ओली रेघ दिसली की ओरडायचं, "बंद कर!" जरा उशीर झाला की सगळंच ओलं, गळतंय कुठून ते कळत नाही, वाट लागली!

*

पावडर दत्ता बायकोची उचलून आणायचा. एकदा गुलाबाच्या वासाची आणली. गोराईचा बोटवाला इंजिन न्यायला आला, हुंगून म्हणाला, "रिपेर केलंत की लग्नाला उभं केलंत?"

दत्ता म्हणाला, "घेवन जा, पण हुंडो काय मिळचो नाय!"

*

वर्सोव्याच्या एकाच्या कव्हरखाली रोज पाणी. आमच्या पिंपात दोन दिवस चालवलं, थेंब नाही! शेवटी त्याच्या बोटीवर गेलो. बघतो तर इंजिनावर ओलं गोणपाट. "तापतं ना बिचारं!" म्हणे. पाणी हवेच्या जाळीतून थेट आत.

"इंजिनाक काय झाला नाय," दत्ता म्हणाला, "तुझी माया गळता!"

*

दत्ता गेल्यावर हाच वर्सोव्याचा आला. "दत्ता कुठाय?"

मी म्हटलं, "गावाला." खरं सांगितलं असतं तर तिथेच रडलो असतो.

"कधी येणार?"

"गणपतीनंतर."

गणपतीनंतर तो खरंच आला, दत्तासाठी सुकट घेऊन. मी घेतली. फार एकटं वाटलं त्या दिवशी.

*

मग गाळा सोडायचं ठरवलं. एकच इंजिन उरलं होतं, मढच्या जनाबायचं. नवऱ्यामागे बोट तीच चालवते, आमची जुनी गिऱ्हाईक. दोनदा एकट्याने बघितलं, दोन्हीदा बटणापर्यंत पोचेस्तोवर सगळं ओलं. तिसऱ्यांदा पावडर मारली. जनाबाय बाजूलाच उभी होती.

इंजिन चालू केलं, टॉर्च घेऊन आत वाकलो. थर्मोस्टॅटच्या झाकणाखाली बारीक रेघ आली आणि सवयीने ओरडलो, "दत्ता, बंद कर!"

इंजिन बंद झालं.

मान वर केली. जनाबायचा हात बटणावर होता.

"घावलं का?" तिने विचारलं.

"एक दिसलं. अजून एखादं असेल."

"मग बघ ना सावकाश," ती म्हणाली. "दत्ता उभा हाय हितं."