उलाढालीवरचा बोनस

"ते मला शिकवू नको. व्यापाऱ्याचा माल आपल्या कंपनीत कशापायी घेतला, तेवढं सांग," लंकाबाईने तिसऱ्यांदा विचारलं.

"उलाढाल वाढवायला," ताटावरून मान वर न करता तिचा लेक हर्षल म्हणाला. "माझा बोनस उलाढालीवर ठरतो. ठराव कोणी केला? तुम्ही बायकांनीच ना?"

ते खरंच होतं. दिंडोरीकडच्या दोनशे बायकांची ही टोमॅटोची कंपनी लंकाबाईनेच उभी केलेली. नवरा गेल्यावर ती आणि तिची मैत्रीण कुसाबाई दारोदार हिंडल्या. कुणी कोंबड्या विकून शेअर घेतला, कुणी पैंजण मोडून. सभेत कागद कोणी वाचत नसे. लंकाबाईचा हात वर गेला, की बाकीचे हात वर. तिच्या कृषी पदवीधर लेकाला सीईओ केलं तेव्हाही तसंच झालं. विक्री जास्त तर साहेबाला पैसे जास्त, यात वावगं काय? माल कुणाचा विकायचा, हे लिहायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

व्यापाऱ्याचा माल ट्रकभर येई, बायकांचा दहा-दहा क्रेट. हर्षलने ट्रक आत घेतले आणि क्रेट फाटकावरून परत पाठवले. वर्षभरात शहरात, पाथर्डी फाट्याला त्याचा फ्लॅट झाला. उद्या वार्षिक सभा होती आणि कुसाबाईने ठराव दिला होता: सीईओचा बोनस सभासदांना मिळालेल्या भावावर ठरवा.

"कुसाबाईनं दहाच्या दहा क्रेट रस्त्यावर ओतले, तवा तू कुठं होता?"

"फाटकावर. मीच परत पाठवले."

"लाज नाय वाटत? उद्या मी तिच्या बाजूनं हात वर करणार."

"करा की, आई," सून पायल ओट्यापाशी म्हणाली. "आणि फ्लॅटचे हप्तेही तुम्हीच भरा. नाहीतरी नातवाचं तुम्हाला काय पडलंय!"

हर्षल हसला. हात धुऊन त्याने मोबाईल आईपुढे धरला. "हे बघ, तुझे टोमॅटो. अळीने पोखरलेले. मी प्रत्येक वेळी एक नंबर म्हणून घेतले. हा फोटो त्याच दिवशी परत पाठवलेल्या कुसाबाईच्या मालाचा. एक डाग दिसतो का?"

लंकाबाईने फोटो पाहिला. हंगामभर ती कुसाबाईला ऐकवत आली होती, 'औषध येळेवर मारत जा बाई, मग माल परत येत नाय.' कुसाबाई मान खाली घालून ऐकून घ्यायची. एकदा तर तिने विचारलं होतं, कोणतं औषध मारतेस गं?

"मी कुठं सांगितलं व्हतं घ्यायला?"

"नको तरी कुठे म्हणालीस? भाव आवडीने घेतलास." त्याने मोबाईल खिशात टाकला. "उद्या हात वर गेला, तर कुणाकुणाचा किडका माल एक नंबर म्हणून घेतला, ती यादी मी माईकवरून वाचणार. पहिलं नाव तुझं. माझा काय, बोनस जाईल. मला दुसरी कंपनी मिळेल. तुला दुसरं गाव मिळेल का?"

पायलने ओटा पुसायला घेतला.

लंकाबाईने उष्टी ताटं उचलून मोरीत ठेवली. पदराला हात पुसले. मग दोघांकडे न बघता म्हणाली, "उद्या मी सभेला येईन. हात वर करणार नाय. सकाळी कुसाबाई बोलवायला आली तर तिला सांगा, मी पुढं गेले."