इंजिन माझं, पेटी गेनबाची

गेनबा गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही. चाकणच्या बाजारात जुन्या टायरांचा सौदा चालला होता, भाव तुटत आला होता, आणि समोरचा व्यापारी सहज म्हणाला, "तुमचा तो चऱ्होलीचा भागीदार गेला म्हणे. छातीत कळ आली, बसल्याजागी आटोपला." मी म्हणालो, "माझा कोणी भागीदार नाही." कित्येक वर्षं विचारणाऱ्याला मी हेच सांगत आलो होतो, तेच तोंडातून आलं. सौदा तिथेच टाकून मी घरी आलो. महिना उलटला, राग अजून उतरलेला नाही. मला निरोप आला नाही याचा राग आहेच. दशक्रियेला आळंदीच्या घाटावर जी भाषणं झाली त्यांचा त्याहून जास्त आहे. एकाने त्याला मनमिळाऊ म्हटलं, दुसऱ्याने मितभाषी. गेनबा आणि मितभाषी! भर लिलावात तो माझ्या बोलीवर हसायचा आणि चार माणसांत ओरडायचा, "शेठ, ते इंजिन न्हाई, चूल हाय, घरी न्या आन् भाकऱ्या भाजा." असा माणूस होता तो. मेल्यावर त्याला गुळगुळीत करू नका.

आमची ओळख त्याच लिलावात झाली. दुसरी मोठी लढाई संपली आणि लष्कराच्या डेपोत गाड्यांचे ढीग लागले. धड गाडी क्वचितच मिळायची. इंजिनं एका ढिगात, गिअरबॉक्स दुसऱ्यात, सांगाडे गवतात. मी नगरकडून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला, पडेल भावात घेऊन चढ्या भावात विकणं एवढंच मला येत होतं. गेनबा घरचा शेतकरी, पण औतापेक्षा यंत्राची ओढ. गिअरबॉक्सच्या ढिगावर मांडी घालून बसला होता आणि एकेकीत बोट घालून चाचपत होता. मी विचारलं, "काय शोधतोस रे?" म्हणाला, "बैल घेताना काय बघत्यात? दात. तेच बघतोय." गिअरबॉक्सला तो पेटी म्हणायचा.

इंजिनात जोर किती, हे कोणीही सांगेल. तो जोर कोणती गिअरबॉक्स सोसेल, हे ओळखणं अवघड. लष्करी ट्रकचं एक दांडगं इंजिन मी घेतलं होतं. गेनबाने भागीत जीपचा सांगाडा घेतला, ढिगातून एक पेटी निवडली, आणि माझं इंजिन तिला जोडायचं ठरवलं. इंजिन एका जातीचं, पेटी दुसऱ्या, भोकाला भोक जुळेना. मग त्याने मध्ये पोलादाची जाड प्लेट घातली. ती केसभर सरकली तर पेटीचा दांडा इंजिनाच्या चाकात तिरका बसतो आणि थोड्याच दिवसांत दोघांनाही खाऊन टाकतो. "जू तिरकं बसलं की एका बैलाचा खांदा सोलतो, शेठ," तो म्हणायचा, आणि पुन्हा सगळं सोडवायचा. मी चिडायचो. तो माझ्या चिडण्याला चाल लावून गुणगुणायचा. शेवटी ती जीप उभी राहिली, आणि बैलगाडी जिथून माघारी वळायची तिथे ती पाइप आणि दगड घेऊन चढू लागली. कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या, काम मागून मिळत होतं. ती वर्षं चांगली गेली.

मग एक ठेकेदार आला. अशाच दहा जीपा करून द्या म्हणाला. मी हात पुढे करून शब्द दिला. माझ्यासारख्याकडे घराणं नाही, जमीन नाही. बाजारात शब्द हीच माझी इस्टेट. गेनबा बाजूला हात पुसत उभा होता. ठेकेदारासमोर म्हणाला, "शब्द शेठचा हाय, माजा न्हाई. ही पेटी एक लागली. ढिगात अशा दहा न्हाईत. दुसऱ्या लावल्या तर डोंगरात मानसं मरतील." असेल खरं, पण ते मला एकट्याला सांगता आलं असतं. ठेकेदार हसला, गेला, आणि बाजारभर सांगत सुटला की शेठचं त्याच्याच मिस्त्रीपुढे चालत नाही. मी गेनबाला म्हणालो, "भागी मोडली."

वाटणीला चऱ्होलीच्या देवळात पंच बसले. विहिरीच्या पाळ्या आणि आंब्याची झाडं वाटण्यात त्यांचा जन्म गेलेला. जीप एकाने घ्यावी, दुसऱ्याने मोबदला घ्यावा, असं त्यांनी परोपरीने सुचवलं. मी म्हणालो, जीप त्याला मिळणार नाही. तो म्हणाला, जीप ह्याला मिळनार न्हाई. "मग ज्याचं त्यानं न्यावं," म्हातारे पंच वैतागून म्हणाले, "फोडा रांडेची!" इंजिन माझ्याकडे आलं. सांगाडा, पेटी आणि ती प्लेट त्याच्याकडे गेली. धावती गाडी आम्ही देवळापुढे सोडवली आणि दोन बैलगाड्यांतून दोन दिशांना नेली. सारं गाव बघायला जमलं होतं.

पुढे माझं इंजिन मी दुसऱ्या सांगाड्यात बसवलं आणि त्याला एकामागून एक पेट्या लावल्या. प्रत्येकीचे दात चढावर तुटले. त्याने आपल्या पेटीला एक मरतुकडं इंजिन लावलं. ती जीप चढावर अशी रांगायची की पोरं तिच्यापुढे चालत जायची. मला ती पेटी हवी होती. माणसं पाठवली. त्याचा एकच निरोप यायचा, "शेठला म्हनावं, सोता ये." मी का जावं? अपमान माझा झाला होता. त्याने यायला हवं होतं.

शेवटची भेट आळंदीच्या रस्त्यावर झाली. माझी गाडी भर उन्हात दात तोडून उभी. मागून तो रांगत आला, उतरला, खाली वाकून बघितलं. "काय शेठ, पुन्हा कवळी पडली?" मी म्हणालो, "ती पेटी दे. किंमत बोल." त्याचा चेहरा एकदम उतरला. "किंमत?" म्हणाला. दोर काढला, माझी गाडी त्या मरतुकड्या इंजिनाने चिंचवडला माझ्या दुकानापर्यंत ओढत आणली, दोर सोडला आणि मागे न बघता निघून गेला.

दिवस झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याचा मेहुणा ओसरीवर बसून जीपचा भाव सांगू लागला. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. "त्याला काय इचारता भावजी? पेटी तुमची हाय, घिऊन जावा."

"माझी कशी? वाटणीत त्याला गेली."

"मला काय म्हाईत न्हाई. लेथवाला म्हनायचा, दांडा कापा, म्हंजी धाकलं इंजिन नीट बसंल. तर हे म्हनायचे, कापायचं न्हाई. पावनी हाय ती आपल्याकडं."

पेटी मी प्लेटसकट दुकानात आणली, चिखल खरवडला, आणि तिच्यासमोर बसूनच राहिलो. दांडा जसाच्या तसा होता. लहान इंजिनासाठी त्याने प्लेटला नवी भोकं पाडली होती. माझ्या इंजिनाची जुनी भोकं तशीच राखली होती. माती जाऊ नये म्हणून प्रत्येकात तेलकट चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी मारलेली. काही खुंट्या जुन्या, काळ्या पडलेल्या. काही नव्या, ताज्या बाभळीच्या. म्हणजे कुजली की तो बदलत होता. इतकी वर्षं हा माणूस माझ्या इंजिनाची जागा झाडून ठेवत होता, आणि मला एका शब्दाने सांगत नव्हता. लिलावात तोंड चालायचं, ठेकेदारापुढे चालायचं, मग नेमकं इथे काय झालं होतं? रस्त्यात मी किंमत विचारली तेव्हा एक सणसणीत शिवी दिली असतीस तरी मला कळलं असतं, गेनबा.

खुंट्या उपटल्या. बोल्ट हातानेच आत गेले, पाना लावावा लागला तो फक्त आवळायला. दुसऱ्या दिवशी गाडीत दगड भरून मी खाणीच्या चढाला लागलो. पहिल्या वळणावर दुसरा गिअर टाकला. तो आवाज न करता पडला, आणि गाडी वर निघाली. वर पोचेपर्यंत मी गेनबाला मोठमोठ्याने शिव्या देत होतो. गाडी खाली आणली तेव्हा खाणीतले मजूर एकमेकांना विचारत होते, शेठ कोणाशी भांडतोय, गाडीत तर कोणी नाही.