सुभेदारसाहेबांचा श्वास

"सब ठीक हाय!" असं म्हणत पोटावर थाप मारायची आमच्या गल्लीतल्या सुभेदारसाहेबांना सवय होती. तब्येत विचारा, नका विचारू, थाप ठरलेली. फौजेतून निवृत्त झाल्यावर तासगावकडची द्राक्षबाग भावावर सोपवून ते सांगलीत आमच्या शेजारी राहायला आले होते.

सदऱ्याच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम. पंगतीत शेजारच्याला ढेकर आला की लगेच पट्टी बाहेर. "घे रं गड्या, लय भारी हाय." असा दानशूर माणूस तुम्हीही पाहिला असेल. स्वतः किती घेत, ते मात्र त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी काकूंनीच त्यांना ओढत दवाखान्यात आणलं. पोटातला जंतू शोधायची श्वासाची तपासणी तिथे मी करतो. उपाशीपोटी एका पिशवीत फुंकायचं, औषधाचं पाणी प्यायचं, थोडं थांबून दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. जंतू असला तर श्वासात कळतो. फक्त ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे आधीपासून बंद हव्यात. नाहीतर जंतू दबून राहतो आणि तपासणी फसते.

"गोळ्या बंद ठेवल्यात ना?" मी विचारलं.

"ऑर्डर म्हंजे ऑर्डर!"

रिपोर्ट चांगला आला. साहेबांनी गल्लीत पेढे वाटले.

वर्षभराने शौचाला काळं होऊ लागलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पोट पाहिलं, आतला तुकडा काढून तपासला. जंतूही होता आणि कॅन्सरही. गोळ्या एक दिवसही सोडल्या नव्हत्या, हे साहेबांनी तेव्हा सांगितलं. दुखतंय असं काकूंना कळू द्यायचं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

दिवाळीच्या आधी ते गेले.

पुढे काकूंचंही पोट जळू लागलं. मी तपासणीला बोलावलं. त्यांनी सगळं पथ्य नीट पाळलं आणि जंतू सापडला.

"घरात एकाला असला की दुसऱ्याला लागू शकतो," मी म्हणालो. "औषधाचा कोर्स केला की जाईल."

"म्हंजे त्यांच्याकडनं आलाय व्हय?"

"असेल. एका ताटात जेवत होतात का?"

"जलमभर. त्यांचं झालं की त्याच ताटात वाढून घ्यायची मी."

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या कशा घ्यायच्या ते मी समजावलं. काकूंनी गोळ्या आपल्या हातातल्या पिशवीत ठेवल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आजचा दिस ऱ्हाऊ दे त्यो पोटात. उद्यापास्नं घेतल्या तर चालंल न्हवं?"

चालेल म्हणालो.