दादा लातूरला आले तेव्हा

लग्न होऊन मी भोकरजवळच्या गावातून लातूरला आले. माझे वडील, आमचे दादा, माझ्या घरी कधी आलेच नाहीत. माझ्या मुलाच्या बारशालासुद्धा माय एकटीच आली. "शेतात काम हाय," एवढाच त्यांचा निरोप. सासूबाई एकदा म्हणाल्या, "व्याह्यांना आमचं घर पसंत नसेल." हळूहळू मलाही तसंच वाटू लागलं.

चाळिशीत माझं पोट बिघडलं. जेवलं की कळ यायची, धावावं लागायचं. कुणाच्या लग्नाला गेले की आधी संडास कुठे ते बघायचे. पुढे जाणंच सोडलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतडं तपासलं. म्हणाले, "जखम नाही, गाठ नाही. आतडं हळवं झालंय. मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण आटोक्यात राहील."

त्या दिवसांत माय माझ्याकडे होती. एका दुपारी मी अर्ध्या ताटावरून उठून गेले. परत आले तर ती म्हणाली, "तुज्या दादाचं बी असंच हाय."

"कधीपासून?"

"तुज्या लग्नाच्या आदीपासून. बारशाला निघाले व्हते की माज्यासंगं. आदल्या दिशी अन्नाला शिवले न्हाईत. तरी नांदेडच्या स्टँडवर धोतर खराब झालं. मला म्हणले, तू जा म्होरं. अन् पोरीला सांगू नको."

मी गावी गेले. दादा ऐकेनात. "ह्या वयात काय दाखवायचं? शरम वाटती." शेवटी गाडी करून, वाटेत थांबत थांबत, त्यांना नांदेडला नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. निघालं माझ्यासारखंच. उपाशीपोटी चहा बंद, ठेचा आणि तळलेलं कमी, वेळेवर थोडं थोडं जेवण, पाण्यातून इसबगोल, कळ आलीच तर एक गोळी. महिना-दोन महिन्यांत पुष्कळ उतार पडला.

मी पुन्हा गावी गेले तेव्हा दादा बाजेवर बसले होते. म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय?"



गेल्या दिवाळीत दादा लातूरला आले. सासूबाई आता नाहीत, मुलगा नोकरीला पुण्यात. दादा एकेक खोली बघत फिरले. मधल्या खोलीत थांबून त्यांनी विचारलं, "पाळणा कुठं बांधला व्हता?" मी फ्रीजच्या वरची छताची कडी दाखवली. ते कडीकडे बघत उभे राहिले.

चार दिवस राहिले. निघायच्या सकाळी गाडी दारात आली, पिशवी आत ठेवली, आणि दादा पायरीवर थबकले.

"जावईबापू, पोटात कळ हाय. जरा थांबावं लागंल," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

"निवांत जाऊन या, दादा," आमचे हे म्हणाले, आणि त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.