ताईंच्या पापण्यांचं ऑपरेशन

माझ्या थोरल्या जाऊबाई स्वभावाने हसऱ्या आणि तोंडाने रडक्या. हे उद्धट वाटेल, पण वाक्य त्यांचंच आहे. मी त्यांना ताई म्हणते. रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत, त्यांची पिठलं-भाकरीची टपरी आहे. रोपवेने वर जाणारी माणसं चुलीवरची भाकरी म्हटली की तिथेच बसकण मारतात, आणि ताई भाकरी थापता थापता त्यांची अशी फिरकी घेतात की जेवण राहतं बाजूला. पण त्यांच्या वरच्या पापण्यांचं कातडं वयाबरोबर लोंबायला लागलं, कडेने तर डोळ्यांवरच उतरलं. त्यात दीर, म्हणजे ताईंचे यजमान, गेले. तेव्हापासून जो तो विचारायचा, "काय हो, रडलात काय?"

वाडीतल्या बायका विचारायच्या, गिऱ्हाइकं विचारायची. गणपतीला मुंबईहून आलेली चुलतसासू तर गळ्यात पडून म्हणाली, "अजून सावरली नायस गो तू." ताई तेव्हा मोदकांचं सारण हलवत होत्या आणि मजेत होत्या!

"रडायचं तेव्हा पोटभर रडले मी," ती गेल्यावर त्या मला म्हणाल्या. "आता रोज काय रडू? पण या तोंडाला कोण सांगणार?"

मग कुणा पर्यटक मुलीने त्यांचा व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत त्यांच्याच सुनेच्या मोबाइलवर आला. ताईंनी त्यात आपलं रडकं तोंड बघितलं आणि दुसऱ्या दिवशी महाडला माझ्या दारात हजर. मी इथल्या शाळेत शिकवते, त्यामुळे जगातली सगळी माहिती मला असते असा त्यांचा समज आहे.

"पापण्यांवरचं जादा कातडं काढतात म्हणे," त्या म्हणाल्या. "मला काढायचं हाय. लोकांना वाटतं माझं काल कोणतरी मेलं."

घरात कळलं मात्र, आणि जो तो शहाणपणा शिकवायला लागला. या वयात नटायची हौस आली काय, विधवा बाईला हे शोभतं काय! माझं डोकंच फिरलं. आमच्याकडचे पुरुष प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी मिशांना कलप लावतात, त्यांना कुणी वय विचारत नाही. तरी कटकट नको म्हणून मी सुचवलं, "ताई, मोतीबिंदू आहे म्हणून सांगू या."

"का? मी काय चोरी करतेय? बरी दिसायचंय मला, तसंच सांगेन." आणि तसंच सांगितलं, भर पंगतीत. त्या बाईला मी मानते ते उगाच नाही.

महाडला डोळ्यांच्या एका दवाखान्यात पुण्याहून महिन्यातून एकदा पापण्यांची सर्जन यायची. तरुण, बोलायला गोड, पण कामात एकदम कडक. फोनवर तिने सांगितलं होतं, आधीचा एखादा फोटो आणा, तरुणपणी डोळे कसे होते ते बघायचंय. ताई लग्नाचा फ्रेम केलेला फोटो कापडात गुंडाळून घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला, तिरका केला, आणि हसायला लागल्या. नवरी खाली बघत होती! आमच्याकडे नवरीने मान वर करायची नाही, फोटोवाल्याने कितीही ओरडू दे. मग ताईंनी पिशवीतून बारशाचे, वास्तुशांतीचे फोटो काढले. सगळीकडे सासरे नाहीतर चुलतसासरे बाजूला, आणि ताईंची नजर जमिनीवर. एवढं आयुष्य गेलं, त्यांचे उघडे डोळे एकाही फोटोत नव्हते.

शेवटी मी घरून आणलेल्या माझ्या लग्नाच्या अल्बमात एक सापडला. त्यात ताई आचाऱ्याशी भांडत होत्या, डोळे चांगले वटारून.

"बघा, तुमच्या पापण्या तेव्हाही जराशा जडच होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी जादा झालेलं कातडं काढेन. नटीचे डोळे लावून देणार नाही. चालेल?"

"नटीचे घेऊन काय करू? भाकऱ्या मलाच थापायच्यात."

हे वाचणाऱ्या कुणाला असं काही करून घ्यायचं असेल, तर त्या दिवशी काय काय झालं ते नीट सांगते, कारण मला वाटलं होतं कात्रीचं काम, गेलं आणि आलं. तसं नव्हतं. आधी त्यांनी ताईंच्या भुवया अंगठ्याने वर धरून बघितल्या. कधी कधी भुवईच खाली आलेली असते, मग नुसती पापणी कापून उपयोग नसतो. पापणी उचलणारा स्नायू कमजोर आहे का तेही बघितलं, त्याचं ऑपरेशन वेगळं. डोळ्यांखालच्या पिशव्या यात जाणार नाहीत हेही सांगून टाकलं. मग रक्तदाब, साखर, थायरॉइड, काचबिंदू. आणि मग विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

"काय नाय," ताई ठामपणे म्हणाल्या.

अहो, गुडघ्यांसाठी ही बाई रोज दुखण्याची गोळी घेते, शिवाय पोलादपूरच्या माहेराहून कसली तरी मुळीची पूड येते ती वेगळी! मी बोलले तर ताई माझ्यावरच उखडल्या. "ती काय औषधं हायत? औषध म्हणजे आजाऱ्याचं. गुडघे सगळ्यांचेच दुखतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. अशा गोळ्यांनी रक्त पातळ होऊ शकतं, ऑपरेशननंतर डोळ्यामागे रक्त साचलं तर नजरही जाऊ शकते, क्वचित होतं पण होतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. "गोळी कधी बंद करायची ते मी सांगेन, आपल्या मनाने काही बंद करू नका आणि काही लपवू नका, पूडसुद्धा." ताईंचा चेहरा उतरला.

खरी अडचण पुढे आली. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून डॉक्टरीणबाई थोडा वेळ थांबल्या. पट्टी जेमतेम ओली झाली. डोळे कोरडे होते. चुलीचा धूर त्यांना सोसेना झाला होता, आणि ताईंना वाटत होतं की डोळ्यांची आग हा धंद्याचाच भाग आहे. आता काय म्हणावं? जग म्हणतं बाई सारखी रडते, आणि तिच्या डोळ्यांत पुरेसं पाणीच नाही!

"आत्ता केलं आणि पापणी जराशी जरी उघडी राहिली, तर डोळ्याला इजा होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळे सुधारले तरच करेन. नाही सुधारले तर नाही करणार, कितीही रागवा."

मला ती डॉक्टरीण तिथेच आवडली. समोर चालत आलेल्या माणसाला नाही म्हणायला हिंमत लागते. पण ताईंकडे बघवेना. घरच्यांच्या तोंडावर त्या ठणकावून बोलल्या होत्या, आणि आता हे होणारच नाही की काय, या विचाराने त्यांचे हात मांडीवर गच्च आवळले गेले होते. उतरताना जिन्यात त्या म्हणाल्या, "म्हणजे मरेपर्यंत रडकीच दिसायचं."

पण ही बाई हात टेकणारी नव्हे. चुलीपुढे सून बसली, तीसुद्धा धुराडं नीट करून घेतल्यावरच. ताई पुढे वाढायला आल्या. जिथे भाकरी थापण्यात त्यांचा रुबाब होता, तिथे त्या ताटं मांडत उभ्या राहिल्या, आणि जुनी गिऱ्हाइकं "आज भाकरी तुमच्या हातची नाय वाटतं" म्हणाली की हसून म्हणायच्या, "हात तोच, जरा तरुण झालाय." डॉक्टरीणबाईंनी दिलेले थेंब डोळ्यांत घालायची वेळ झाली की गिऱ्हाईक असो नाहीतर पाहुणा, त्या बाकड्यावर मान टाकून थेंब घालायच्या. कित्येक महिने. मला कुणी सांगितलं असतं तर मी आठवड्यात कंटाळले असते.

पाऊस सुरू होऊन गडावरची गर्दी ओसरली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पट्टी लावली आणि हो म्हणाल्या. थोडंच काढणार, पापणी पुरती मिटली पाहिजे, एवढी अट. ताईंनी जरा घासाघीस केली, "अजून थोडं काढा की," पण तिथे डाळ शिजली नाही.

जागा बधिर करून ऑपरेशन झालं. आत ताई बोलत होत्या, आणि बाहेर बाकड्यावर बसून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, म्हणून माझा जीव थाऱ्यावर राहिला. धूर नको, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, म्हणून त्यांना माझ्याकडेच ठेवलं. उशा रचून अर्धवट बसूनच झोपायचं आणि थंड पट्ट्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी डोळे असे सुजले, निळे-जांभळे झाले की मी डॉक्टरीणबाईंना फोन लावायला उठले. ताईंनी आरसा मागून घेतला.

"सांगितलं होतं बाईने, असं होईल म्हणून," त्या म्हणाल्या. "तू कशाला घाबरतेस? चहा टाक."

टाके निघाले, सूज उतरली. वण पापणीच्या घडीत लपला. वाडीत परत गेल्या तेव्हा, ज्या बायकांनी नावं ठेवली होती त्यांनीच हळूच विचारलं, "दुखतं काय गो फार?" ताईंनी सगळं सांगितलं, आणि गोळ्यांचं आधी सांगितलं. रडलात काय, असं मात्र कुणी विचारलं नाही.

पितृपक्षात दिरांच्या तिथीला मी गेले. ताईंनी त्यांच्या आवडीची अळूवडी केली होती, कावळ्याचं पान मांडलं होतं. सून-नातवंडांची गडबड चालली होती. ताई सगळ्यांना हाकारत, वाढत होत्या. नीट उघडे डोळे, ताजा चेहरा. मी म्हटलं, "ताई, काय छान दिसताय हो आज!"

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि मला पडवीत ओढून नेलं.

"सकाळपासून दोनदा रडले मी," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला कळलं नाय. तुला पण नाय कळलं."

मी त्यांचा हात धरला. माफी मागायला लागले तर त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"वेडी काय गो? बरंच झालं," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं माझं रडणं साऱ्या गावाचं होतं. आज पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी एकटीने रडले."