जेवणानंतरची कॉफी

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील लग्नांतून स्वयंपाक करायचे. शाळेतल्या बाईंनी समोर बसवून कॉलेजचा अर्ज भरून घेतला, म्हणून मी अन्नशास्त्र शिकलो. बाईंनी माझ्यासाठी केलं, तसं आपणही कुणासाठी तरी करावं असं वाटलं आणि तंजावूरला आमच्या गल्लीतल्या कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, दर शनिवारी मुलामुलींना स्वयंपाक शिकवू लागलो. रोजच्या जेवणात पालेभाजी, डाळ, नाचणी कशी आणायची, एवढंच. मुलं अर्धं तमिळ, अर्धं मराठी बोलतात. अडै, म्हणजे डाळ-तांदळाचा जाडसर डोसा, मात्र सगळ्यांना सारखीच आवडते. शेवग्याचा पाला घातलेली अडै आम्ही पहिल्याच महिन्यात केली.

वर्गात दहावीतली एक मुलगी होती. शाळेच्या कबड्डी संघात तिची निवड झाली होती, पण तपासणीत रक्त कमी निघालं. रक्त वाढल्याशिवाय खेळायचं नाही, असं शाळेनं बजावलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाला मी शिकवला. ती घरी स्वतः चुलीपाशी उभी राहून करायची.

दोन महिन्यांनी तिची आई नव्या तपासणीचा कागद घेऊन वर्गात आली.

"काय हो मास्तर, पाला चारून चारून पोरीची शेळी केलीत. रक्त आहे तिथंच आहे!"

मुलं हसली. मुलगी हसली नाही.

मी विचारलं, "गोळी कधी घेतेस?"

"सकाळी खाल्ल्यावर."

"आणि गोळीनंतर?"

"कॉफी. सगळेच घेतात ना, अण्णा? इथंही अडै झाली की तुम्हीच देता."

जेवणाला लागून घेतलेली कॉफी अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, चांगले गुणही मिळवले होते. पण पान उचललं की कॉफी हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं, की दर शनिवारी मीच स्टीलचे पेले भरून पोरांपुढे ठेवत होतो.

"चूक माझी आहे," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "पाला बरोबर होता, कॉफीची वेळ चुकली."

आई म्हणाली, "म्हणजे दारात आलेल्याला जेवू घालून कोरडाच पाठवायचा? लोक नावं ठेवतील."

"कोरडा कशाला? लिंबाचं सरबत द्या. कॉफी चारला."

"चारपर्यंत माझं डोकं फुटेल!"

"तुमचं फुटू दे, अम्मा," मुलगी म्हणाली, "मला खेळायचंय."

त्या दिवशी अडैनंतर सरबत झालं. गोळीची वेळ मी तिला डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. त्यांनीही कॉफीपासून लांब ठेव असंच सांगितलं. पुढच्या शनिवारी मुलांनी आपापल्या घरची कॉफीवरून झालेली भांडणं सांगितली. एकाच्या आजोबांनी तर पेला घेऊन थेट शेजाऱ्यांचं घर गाठलं होतं.

पुढच्या तपासणीत रक्त वाढलं. शाळेनं तिला संघात घेतलं. सामना पाहायला तिची आई आणि मी बसनं ओरत्तनाडूला गेलो. पहिल्याच चढाईत ती पकडली गेली. बाहेर येऊन बसली, तेव्हा मी घाबरून विचारलं, "दम लागला का गं?"

"छे, अण्णा. त्या पोरीनं घोटा धरला. आता बघा."