बुवांनी घासलेली चाकं

आमचे बुवा माणसाची पारख त्याच्या गाडीच्या चाकांवरून करत. मी नवी गाडी घेतली आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन ऐटीत त्यांच्या दारात उभा राहिलो, तर हा गृहस्थ मला ओलांडून थेट खाली कंपाउंडमध्ये! बॉनेटवरच्या हाराकडे ढुंकूनही बघितलं नाही. चाकापाशी उकिडवे बसले, बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "मेल्या, आधी चाकां धू, मगे माका पेढो दी." गाडी शोरूममधून दिंडोशीपर्यंत आली होती, एवढाच काय तो तिचा गुन्हा.

बुवा म्हणजे आमच्या सोसायटीतले मालवणी भजनीबुवा. नोकरीतून सुटल्यावर त्यांना दोनच नाद उरले, भजन आणि अ‍ॅल्युमिनियम. कुणाचं अ‍ॅलॉय व्हील मळलेलं दिसलं की ते लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर त्यांच्या गॅलरीत पोचलंच म्हणून समजा. मग जुन्या लॅकरचा थर खरवडायचा, पाण्यात भिजवून पॉलिश पेपर मारायचा, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. सगळं भजनाच्या लयीत. हात घाई करायला लागला की ते स्वतःलाच दटावत, "गजर अजून लांब आसा!" पॉलिशची पेस्ट हातात आली की गजर सुरू. तेव्हा खालच्या मजल्यावरचेसुद्धा टाळ्यांचा ठेका धरत.

शेवटचा हात मऊ सुती कापडाचा. ते कापड म्हणजे बुवांच्या बायकोची, आमच्या वहिनींची, जुनी साडी. वहिनी मला पकडून तक्रार करत, "इतक्या वर्षांत माझा चेहरा कधी एवढा निरखून बघितलाय का, विचारा जरा!"

आतून उत्तर येई, "तुझ्यार ब्रेकची धूळ खय बसता?"

याच बुवांच्या स्वतःच्या जुन्या निळ्या गाडीची चाकं मात्र कोळशासारखी. लोकांच्या चाकांपुढे तिचा नंबरच लागायचा नाही. तो लागला त्यांच्या लेकीच्या, सईच्या लग्नात. मुलुंडचं स्थळ. बैठकीत मुलाचे काका म्हणाले, "पाठवणीला आमची मोठी गाडी येईल. तुमची ती... चालते ना अजून?"

सई ताडकन म्हणाली, "काका, मी बाबांच्याच गाडीतून येणार."

बुवांनी त्याच रात्री जॅक काढला. दुसऱ्या दिवशी गाडी कंपाउंडात विटांवर उभी होती आणि चारही चाकं टायर काढून गॅलरीत. गाडीला नवा रंग देण्याची ऐपत आणि वेळ दोन्ही नव्हतं. लेकीचा शब्द राखायचा तर तो आता चाकांनीच राखायचा होता.

हळदीच्या सकाळी गॅलरीत चाकं अशी झळकत होती की पाहुणे आधी ती बघत आणि मग नवरीला. बघत म्हणजे काय, हात लावून बघत. हळदीची, तेलाची बोटं सगळीकडे उमटली. वहिनींना ते बघवेना. तेलकट पातेली घासतात तसा त्यांनी कढत पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि मायेने चारही चाकांना आंघोळ घातली. अ‍ॅल्युमिनियमला सोडा कुठला सोसायला! बघता बघता चाकं कढईच्या बुडासारखी काळी पडली! वहिनींनी तिथेच फतकल मारून भोकाड पसरलं.

बुवा धावत आले. मी कानावर हात ठेवायच्या तयारीत. त्यांनी चाकांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगो, रडतंस कित्याक? सोलां हाड!"

सोलां म्हणजे आमसुलं. कोकणात देवाची तांब्याची भांडी त्यांनीच घासतात. बुवांनी परातभर आमसुलं भिजवली. बायकांचे हात मेंदीने भरलेले, तेव्हा पुरुष कामाला जुंपले. नेमकी त्याच वेळी नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन मुलुंडचे काका दारात हजर. बुवांनी त्यांच्या हातातलं हळदीचं ताट वहिनींकडे दिलं आणि त्यांच्या पुढ्यात चाक ठेवलं.

"अहो, मी पाहुणा आहे!"

"म्हणानच तुमका पाट दिलंय. बाकीचे जमनीर आसत."

आणि बुवांनी भजन लावलं! आमसुलांनी काळं सुटलं, बारीक पेपर फिरला, पेस्ट आली, गजर चढला. काका तोवर बाह्या सरसावून घामाघूम. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "हात लावू नका. हे माझं आहे."

रातोरात चाकं टायरसकट गाडीला चढली आणि दुसऱ्या दिवशी पाठवणीला बुवांनी किल्ली माझ्या हातात दिली. एकीकडे रडत होते, दुसरीकडे उपरण्याने चाक पुसत होते. शेवटी वहिनींनी त्यांना ओढून बाजूला घेतलं, तेव्हा कुठे गाडी हलली.

सई मागे हुंदके देत होती. नवरदेव बिचारा रुमाल पुरवत होता. हायवेच्या सिग्नलला शेजारी एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाल्याचं लक्ष खाली गेलं. त्याने खिशातून कंगवा काढला, बाहेर झुकला आणि आमच्या चाकात बघून शांतपणे भांग पाडू लागला.

सईचा हुंदका मध्येच फुटून त्याचं हसू झालं. तिने फोन लावला. "बाबा, तुमच्या चाकात बघून एक रिक्षावाला भांग पाडतोय!"

पलीकडे जोरात नाक ओढल्याचा आवाज. मग घसा खाकरून बुवांनी विचारलं,

"खयच्या चाकात गो? फुडच्या काय मागच्या?"